सायकलस्वारांसाठी गॉगल : कमी खर्चातील निवड आणि काचांचे प्रकार

भारतात सायकल हे आजही अनेकांचे कामावर जाण्याचे वाहन आहे. २०११ च्या जनगणनेत, शेती आणि घरगुती उद्योगांबाहेर काम करणाऱ्यांपैकी अडीच कोटींहून अधिक लोक कामाच्या ठिकाणी सायकलने जात असल्याची नोंद झाली. पहाटे वर्तमानपत्रे टाकणारे, दूध पोहोचविणारे, कारखान्यात पाळीवर जाणारे कामगार यांच्या जोडीला गेल्या दोन दशकांत हौस आणि व्यायाम म्हणून सायकल चालविणाऱ्यांचा एक मोठा वर्ग महानगरांत तयार झाला आहे. या दोन्ही वर्गांच्या डोळ्यांवर होणारा मारा मात्र एकच आहे. ऊन, वारा, धूळ आणि किडे यांपासून मोटारचालकाला पुढची काच वाचविते आणि दुचाकीस्वाराला शिरस्त्राणाची झडप. सायकलस्वारापाशी यांपैकी काहीच नसते.

गॉगल घेणारे बहुतेक जण दोन गोष्टी पाहतात. काच किती काळी आहे आणि किंमत किती आहे. डोळ्यांच्या संरक्षणाचा या दोन्ही गोष्टींशी थेट संबंध नाही. दोनशे रुपयांच्या आतबाहेर मिळणारा, पांढऱ्या पारदर्शक काचेचा कारखान्यातील चष्मा हा पदपथावरील काळ्याभोर गॉगलपेक्षा डोळ्यांचे रक्षण अधिक चांगले करू शकतो. तो कसा, हे समजण्यासाठी डोळ्याला नेमका धोका कशाचा आहे हे पाहणे आवश्यक ठरते.

धोका कशाचा?

ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात सुमारे सात मीटर अंतर कापते. चिलट किंवा वाळूचा कण डोळ्यात गेल्यावर पापण्या आपोआप मिटतात, हात डोळ्याकडे जातो आणि तेवढ्या वेळात सात-चौदा मीटर रस्ता न पाहताच मागे पडतो. त्या अंतरात एखादा खड्डा, गतिरोधक किंवा उभ्या गाडीचे उघडणारे दार असू शकते. डोळ्याला होणाऱ्या इजेपेक्षा त्यामुळे घडणारा अपघातच पुष्कळदा अधिक गंभीर असतो. शेजारून जाणाऱ्या ट्रकच्या चाकाखालून उडणारी खडी हा दुसरा धोका. सततच्या वाऱ्याने डोळ्यांवरील अश्रूंचा पातळ थर सुकतो, डोळे चुरचुरतात आणि उतारावर ऐन वेगात पाणी येऊन समोरचे दृश्य धूसर होते.

उन्हाचा परिणाम मात्र सावकाश होतो. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांच्या वर्षानुवर्षांच्या माऱ्याचा संबंध मोतीबिंदूशी, तसेच डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे सरकणाऱ्या टेरिजियम नावाच्या मांसल वाढीशी जोडला जातो. समुद्रसपाटीपासून दर एक हजार मीटर उंचीमागे या किरणांची तीव्रता साधारण दहा टक्क्यांनी वाढते, तर ताजा बर्फ त्यांपैकी सुमारे ८० टक्के किरण परत फेकतो. मनाली ते लेह या मार्गावरील पाच हजार मीटरहून उंच खिंडी सायकलने ओलांडणाऱ्यांना म्हणूनच एका दिवसातही त्रास होऊ शकतो. बर्फाच्या चकाकीने डोळ्याच्या पुढील पारदर्शक पटलाला होणारा दाह हा खरे तर उन्हाने त्वचा भाजण्याचाच प्रकार होय.

काळी काच आणि अतिनील किरण

काचेचा रंग दृश्य प्रकाश कमी करतो. अतिनील किरण अडविणे हे काचेच्या द्रव्याचे आणि त्यातील शोषक रसायनांचे काम आहे. या दोन गोष्टी स्वतंत्र आहेत. पॉलिकार्बोनेट नावाचे प्लास्टिक पूर्ण पारदर्शक असतानाही अतिनील किरण जवळजवळ संपूर्णपणे शोषून घेते. याउलट एखादी काच गडद असूनही हे किरण आत सोडू शकते आणि त्या वेळी ती न लावण्यापेक्षाही वाईट ठरू शकते. अंधार झाल्याचे समजून डोळ्याची बाहुली विस्फारते, पापण्या किलकिल्या होत नाहीत आणि किरणांना आत शिरण्यास अधिक वाट मिळते. आजकालची बहुतेक प्लास्टिकची भिंगे काही प्रमाणात तरी अतिनील किरण अडवितात, हे येथे सांगावयास हवे. परंतु किती, याची खात्री रंगावरून मिळत नाही.

ही खात्री ‘यूव्ही ४००’ या शब्दांतून मिळते, अर्थात ते शब्द खरे असतील तर. ४०० हा आकडा नॅनोमीटरमधील तरंगलांबीचा आहे. त्याखालील सर्व किरण काच अडविते, असा त्याचा अर्थ. गॉगलसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १२३१२-१ हे अतिनील किरणांची मर्यादा ३८० नॅनोमीटरपर्यंत मोजते, म्हणजे ‘यूव्ही ४००’ ही त्यापेक्षा थोडी अधिक कडक अट झाली. गॉगलसाठी राष्ट्रीय मानक ठरविणारा पहिला देश ऑस्ट्रेलिया. तेथे ते १९७१ मध्ये लागू झाले. युरोपात विकल्या जाणाऱ्या गॉगलवर ‘सीई’ ही अक्षरे असतात. मात्र गॉगलच्या बाबतीत ते उत्पादकाने स्वतःच केलेले निवेदन असते आणि भारतीय बाजारातील नकली मालावर ती अक्षरे सर्रास छापलेली आढळतात.

चार आकडे आणि एक शून्य

काच किती गडद आहे हे सांगण्यासाठी ० ते ४ अशा पाच श्रेणी ठरविण्यात आल्या आहेत. चांगल्या गॉगलच्या काडीच्या आतील बाजूस किंवा सोबतच्या कागदावर ही श्रेणी नोंदविलेली असते. शून्य श्रेणीची काच ८० टक्क्यांहून अधिक प्रकाश आत सोडते. पहिल्या श्रेणीत ४३ ते ८०, दुसरीत १८ ते ४३, तिसरीत ८ ते १८ आणि चौथीत केवळ ३ ते ८ टक्के प्रकाश डोळ्यापर्यंत पोहोचतो.

मैदानी प्रदेशातील भर दुपारच्या उन्हासाठी तिसरी श्रेणी योग्य. सकाळ, संध्याकाळ आणि ढगाळ दिवसांसाठी पहिली किंवा दुसरी. चौथी श्रेणी हिमनद्या आणि उंच बर्फाळ प्रदेशांसाठी असून रस्त्यावर वाहन चालविताना ती वापरू नये, असे मानकातच स्पष्ट केलेले आहे. लडाखच्या रस्त्यांवर जाणाऱ्या सायकलस्वारानेही याच कारणासाठी तिसऱ्या श्रेणीची, परंतु कडेने आणि वरून प्रकाश आत येऊ न देणारी, चेहऱ्याला लपेटून बसणारी काच निवडणे श्रेयस्कर. त्याच मानकानुसार ७५ टक्क्यांहून कमी प्रकाश सोडणारी काच संधिप्रकाशात किंवा रात्री वाहन चालविण्यास योग्य नाही. हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. सायंकाळी सहा वाजता कामावरून परतणाऱ्या सायकलस्वाराच्या डोळ्यांवर सकाळचाच काळा गॉगल असेल, तर बिनदिव्याची बैलगाडी, रस्त्यावरील जनावर किंवा खड्डा त्याला उशिरा दिसेल. दीर्घ पल्ल्याच्या ब्रेव्हे सायकल फेऱ्यांत हीच अडचण मोठ्या प्रमाणावर येते. ३०० किलोमीटरसाठी २० तास आणि ६०० किलोमीटरसाठी ४० तास अशी मुदत असल्याने स्वाराला दिवस आणि रात्र या दोन्हींतून जावेच लागते.

भिंग कशाचे असावे?

खनिज काचेवर चरे कमी पडतात आणि दृश्य अतिशय स्वच्छ दिसते, परंतु ती जड असते आणि फुटल्यास तिचे तुकडे डोळ्यात जातात. सायकलसाठी ती वर्ज्य मानावी. चष्म्यांसाठी पूर्वापार वापरले जाणारे सीआर-३९ हे प्लास्टिक दृश्याच्या दृष्टीने उत्तम असले तरी आघाताने तडकू शकते. तिसरे पॉलिकार्बोनेट. १९५३ मध्ये जर्मनी आणि अमेरिकेत दोन संशोधकांनी स्वतंत्रपणे तयार केलेले हे प्लास्टिक आघात सहन करण्याच्या बाबतीत या दोन्हींपेक्षा कितीतरी सरस आहे. त्याचे दोष दोन. त्यावर चरे लवकर पडतात, म्हणून वर कठीण लेप असावा लागतो आणि काचेच्या कडेने पाहताना वस्तूंभोवती किंचित रंगीत झालर दिसू शकते. सायकल चालविताना हा दुसरा दोष सहसा जाणवत नाही. २००१ मध्ये बाजारात आलेले ट्रायव्हेक्स हे द्रव्य आघात सहन करते आणि दृश्यही अधिक स्वच्छ देते. ते महाग असल्याने प्रामुख्याने नंबरच्या चष्म्यांत वापरले जाते. ॲक्रिलिकची स्वस्त भिंगे मात्र टाळावीत. ती ठिसूळ असतात.

कमी खर्चाचा विचार करणाऱ्यांसाठी सर्वांत दुर्लक्षित पर्याय याच पॉलिकार्बोनेटचा आहे. यंत्रशाळा, वेल्डिंगची दुकाने आणि बांधकामांना साहित्य पुरविणाऱ्या दुकानांत कामगारांसाठीचे सुरक्षा चष्मे मिळतात. त्यांच्यासाठी आघाताची कसोटी असते. अमेरिकेच्या झेड ८७.१ या मानकात ‘झेड ८७+’ अशी खूण मिळविण्यासाठी ६.३५ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी ताशी सुमारे १६५ किलोमीटर वेगाने काचेवर मारली जाते. अर्धा किलो वजनाचे टोकदार वजन सव्वा मीटरहून अधिक उंचीवरून काचेवर सोडण्याचीही चाचणी होते. काच फुटता कामा नये. युरोपातील ईएन १६६ या मानकात जवळपास अशाच वेगाच्या चाचणीसाठी ‘एफ’ हे अक्षर वापरले जात असे. त्याची जागा आता आयएसओ १६३२१ हे मानक घेत आहे. भारतीय मानक ब्युरोचे आयएस ५९८३ हे मानकही डोळ्यांच्या संरक्षक साधनांसाठीच आहे. हजारो रुपयांच्या अनेक फॅशनेबल गॉगलांनी अशी कोणतीही चाचणी दिलेली नसते.

अशा चष्म्यांत पारदर्शक, पिवळी आणि करडी अशा तीन रंगांची भिंगे सहज उपलब्ध होतात. त्यांचे रूप साधे असते, नाकावरची पकड कधी कठीण असते आणि काचेवरील लेप महागड्या गॉगलाइतका टिकत नाही. पण एक करडा आणि एक पारदर्शक अशा दोन चष्म्यांची जोडी घेतली तरी पाचशे रुपयांच्या आत दिवस आणि रात्र या दोन्हींची सोय होते. वापरून चरे पडले की नवा घेता येतो. कमी अंदाजपत्रकात हाच मार्ग सर्वांत शहाणपणाचा दिसतो.

रंगांचे काम

करडा रंग सर्व रंग सारख्याच प्रमाणात मंद करतो, त्यामुळे सिग्नलचे आणि वाहनांच्या दिव्यांचे रंग मूळ स्वरूपात दिसतात. शहरातील वाहतुकीसाठी तो सर्वांत निर्धोक. तपकिरी आणि अंबर रंग निळ्या प्रकाशाचे प्रमाण कमी करतात, त्यामुळे रस्त्यावरील उंचवटे, खड्डे आणि सावल्यांच्या कडा अधिक ठळक होतात. ग्रामीण भागातील खडबडीत रस्त्यांवर आणि जंगलवाटांवर याचा उपयोग होतो. हिरवट काच या दोहोंच्या मधली. निळी, जांभळी आणि गडद लाल काच दिसावयास आकर्षक असली तरी ती रंग बदलून दाखविते आणि ज्यांना मुळातच लाल-हिरव्या रंगांतील फरक कमी कळतो त्यांच्यासाठी तर ती धोक्याची ठरू शकते.

पिवळ्या काचेविषयी एक गैरसमज दृढ झालेला आहे. धुके, ढग किंवा पावसाळी दिवसांत ती दृश्य उजळ भासविते, हे अनेकांच्या अनुभवाचे आहे. परंतु ‘नाइट व्हिजन’ या नावाने रात्रीसाठी म्हणून ती विकली जाते, तेव्हा तो दावा टिकत नाही. जामा ऑप्थॅल्मॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वाहनचालनाच्या सिम्युलेटरवर पिवळ्या काचांमुळे रात्रीच्या वेळी पादचारी ओळखण्यास कोणतीही मदत झाली नसल्याचे आढळले. रंगीत काच प्रकाश वाढवू शकत नाही. ती तो केवळ कमी करते. रात्री वापरावयाची काच पारदर्शकच असावी.

वरच्या आरशासारख्या लेपामुळे प्रकाश थोडा आणखी परतविला जातो. त्याहून अधिक काही नाही. तो लवकर झिजतो.

ध्रुवित आणि रंग बदलणाऱ्या काचा

ओल्या रस्त्यावरून, पाण्याच्या पृष्ठभागावरून किंवा मोटारींच्या टपांवरून परतणारा झगझगाट प्रामुख्याने आडव्या दिशेने ध्रुवित झालेला असतो. ध्रुवित म्हणजे पोलराइज्ड काच नेमका तोच भाग अडविते. समुद्रकिनारी किंवा दुपारच्या महामार्गावर यामुळे डोळ्यांचा शीण लक्षणीय कमी होतो. मात्र सायकलस्वाराच्या दृष्टीने या गुणाला दुसरी बाजू आहे. रस्त्यावर सांडलेले तेल किंवा साचलेले पाणी त्याच्या चकाकीवरूनच ओळखू येते, आणि तीच चकाकी काच नाहीशी करते. सायकलवरील काही मापकांचे आणि मोबाइलचे पडदेही विशिष्ट कोनातून काळे दिसतात. ध्रुवित काचेमुळे अतिनील संरक्षण आपोआप मिळत नाही, ते स्वतंत्रपणे तपासावे लागते. ही सोय चांगली आहे, परंतु तिच्यासाठी बाकी गुणांवर तडजोड करू नये.

उन्हात गडद आणि सावलीत फिकी होणारी फोटोक्रोमिक काच हे सायकलसाठीचे आदर्श उत्तर वाटते, आणि बऱ्याच अंशी ते आहेही. पहाटे निघून दुपारी परतणाऱ्याला एकच चष्मा पुरतो. तिच्या मर्यादा मात्र भारतीय हवामानात अधिक जाणवतात. काचेतील रंगद्रव्य अतिनील किरणांनी गडद होते आणि उष्णतेने पुन्हा फिके पडते. त्यामुळे विदर्भ किंवा राजस्थानातील मे महिन्याच्या उन्हात ती थंडीतल्याइतकी गडद होत नाही. गडद झालेली काच फिकी होण्यास काही मिनिटे लागतात. घाटातील बोगद्यात शिरताना ती मिनिटे मिळत नाहीत. ही काच घ्यावयाचीच तर तिची श्रेणी ‘० ते ३’ किंवा ‘१ ते ३’ अशी लिहिलेली असते, ती पाहावी. ‘१ ते ३’ असल्यास रात्रीसाठी ती चालेलच असे नाही.

काचा बदलता येणारे गॉगल तिसरा मार्ग दाखवितात. एकाच फ्रेमसोबत दोन-तीन भिंगे येतात. स्वस्त संचात पाच-पाच भिंगे दिली जातात, त्यांतील अनेक केवळ संख्या वाढविण्यासाठी असतात. एक करडे किंवा तपकिरी आणि एक पारदर्शक भिंग चांगले असले म्हणजे पुरे. भिंग खाचेत घट्ट बसते की नाही, हे दुकानातच दोन-तीन वेळा काढून घालून पाहावे.

फ्रेम आणि बसणी

एकसंध मोठ्या काचेचे, चेहऱ्याला लपेटणारे गॉगल सायकल शर्यतींत १९८० च्या दशकात रुळले. अमेरिकेचा शर्यतपटू ग्रेग लेमाँड याने ते वापरल्याने त्यांना प्रसिद्धी मिळाली. १९८६ मध्ये त्याने टूर द फ्रान्स जिंकली. तेव्हापासून हे रूप सायकलस्वाराची ओळखच बनले. पण त्या रूपामागे कारण आहे. वारा आणि धूळ समोरूनच नव्हे, तर कडेने आणि खालूनही येतात. गालापासून भुवईपर्यंत झाकणारी काच म्हणून उपयोगी ठरते. हँडलवर वाकून चालविणाऱ्याची नजर काचेच्या वरच्या भागातून जाते, तेव्हा वरच्या बाजूची जाड कड अडथळा होऊ नये. काच आणि चेहरा यांत थोडी फट किंवा काचेला छोटी छिद्रे हवीत, अन्यथा चढावर वेग मंदावताच आत वाफ धरते. कोकणातील आणि केरळातील दमट हवेत हा प्रश्न विशेष सतावतो.

काड्या सरळ आणि पातळ असाव्यात, म्हणजे शिरस्त्राणाखाली टोचत नाहीत. नाकाच्या टेकूला रबर असावे. घामाने कठीण प्लास्टिक घसरते. मान खाली घालून डोके हलवून पाहिल्यास पकड लगेच समजते. शिरस्त्राण वापरणाऱ्याने ते सोबत नेऊनच गॉगल निवडावा.

नंबर असलेल्यांसाठी कमी खर्चाची वाट म्हणजे पॉलिकार्बोनेटच्या पारदर्शक नंबरच्या भिंगांचा, थोड्या मोठ्या आकाराचा चष्मा आणि त्यावर उन्हासाठी अडकविण्याची गडद जोडी. चष्म्यावरून घालता येणारे सुरक्षा चष्मेही मिळतात. अतिशय वक्र फ्रेममध्ये मोठा नंबर बसविल्यास कडेचे दृश्य विकृत होते, त्यामुळे तसे करण्यापूर्वी नेत्रतज्ज्ञांचा किंवा दृष्टिमापन तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना धुळीचा त्रास अधिक होत असल्याने वरून गॉगल आवश्यकच. मुलांच्या डोळ्यांतील नैसर्गिक भिंग प्रौढांच्या तुलनेत अधिक अतिनील किरण आत सोडते, म्हणून त्यांच्यासाठी जत्रेतील खेळण्याचा गॉगल चालणार नाही.

खरेदीच्या वेळी

अनेक चष्म्यांच्या दुकानांत अतिनील किरण मोजणारे छोटे यंत्र असते. अन्यत्र घेतलेला गॉगलही तेथे विनंती करून तपासून घेता येतो. नोटेवर अतिनील दिव्याचा झोत टाकून, मध्ये काच धरल्यावर नोटेवरील चमकणारे धागे आणि आकडे विझतात का हे पाहण्याची युक्ती अलीकडे लोकप्रिय झाली आहे. ती पूर्ण भरवशाची नाही. स्वस्त दिव्यांचा प्रकाश बहुधा ३९५ नॅनोमीटरच्या आसपास असतो, त्यात दृश्य जांभळा प्रकाशही मिसळलेला असतो आणि ३८० पर्यंत उत्तम संरक्षण देणारी काचही त्या चाचणीत नापास झाल्यासारखी दिसू शकते.

दृश्य शुद्ध आहे का, हे पाहणे मात्र कोणालाही जमते. गॉगल हातभर अंतरावर धरून काचेतून दाराची चौकट किंवा फरशीची सरळ रेषा पाहावी आणि गॉगल हळूहळू वर-खाली, आडवा हलवावा. रेषा लाटेसारखी वाकत असेल तर ती काच घेऊ नये. अशा काचेने डोके दुखते आणि खड्ड्याच्या अंतराचा अंदाजही चुकतो. दोन्ही भिंगांचा रंग सारखा आहे का, हे पांढऱ्या कागदावर धरून तपासावे. काच ध्रुवित असल्याचा दावा असल्यास मोबाइलच्या पडद्यासमोर ती हळूहळू गोल फिरवावी. पडदा एका कोनात काळवंडला तर दावा खरा. दहा हजारांहून अधिक किमतीच्या नामांकित गॉगलमध्ये दृश्याची शुद्धता, टिकाऊ लेप, हलकेपणा आणि सुटी भिंगे मिळण्याची सोय यांचे पैसे असतात. अतिनील संरक्षण त्यात काही निराळे नसते.

निगा आणि प्रथमोपचार

सदऱ्याच्या टोकाने कोरडी काच पुसणे हे पॉलिकार्बोनेटवर चरे पडण्याचे सर्वांत मोठे कारण आहे. धूळ आधी वाहत्या पाण्याने घालवावी, मग सौम्य साबणाचा थेंब बोटाने फिरवून धुवावे आणि मऊ सुती कापडाने टिपून घ्यावे. थिनर, ॲसिटोन आणि खिडक्यांसाठीचे अमोनियायुक्त द्रव यांनी हे प्लास्टिक आणि त्यावरील लेप खराब होतात. बंद मोटारीत उन्हात ठेवलेल्या गॉगलचा लेपही तडकतो. समोरून येणाऱ्या दिव्यांभोवती चऱ्यांमुळे तारे फुटल्यासारखे दिसू लागले की भिंग बदलावे.

गॉगल असूनही कण डोळ्यात गेल्यास सायकल रस्त्याच्या कडेला थांबवून, डोळा न चोळता, बाटलीतील स्वच्छ पाण्याने धुवावा. पापण्यांची उघडझाप केल्याने कण बहुधा अश्रूंसोबत बाहेर येतो. बुबुळावर रुतलेला कण काडी किंवा रुमालाच्या टोकाने काढण्याचा प्रयत्न करू नये. वेगाने काही आदळले असेल, दृष्टी धूसर झाली असेल, उजेड सहन होत नसेल किंवा काही तासांनंतरही खुपणे थांबले नसेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जाणे आवश्यक आहे.